पुलियावर बदलणारी सलामी

काल दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, तोच रस्त्यावरून आवाज आला, “हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, हॅलो.” मी ताडकन उठून बसलो. घरासमोर एका ऑटोवर भोंगे बांधणं चाललं होतं. कुठली निवडणूक, कुणाची, हे मला ठाऊक नव्हतं आणि विचारायची गरजही वाटली नाही. भोंग्यावरची धूळ फडक्यानं झटकली, दोऱ्या आवळल्या, की आमच्या सक्करदरा भागात ऋतू पालटतो. स्वयंपाकघरातून विमल, म्हणजे माझी बायको, म्हणाली, “उठा, आली तुमची सुगी.”

खरंच सुगीच ती. बाकीच्यांचे ऋतू आभाळावरून ठरतात. माझा हा ऋतू थंडीत येतो, उन्हाळ्यात येतो, कधी दोनदा येतो, कधी वर्षानुवर्षं येतच नाही. पण आला की त्याचा वास मी डोळे मिटून ओळखतो. बॅनरची ओली शाई, कार्यकर्त्यांसाठी सकाळी सकाळी उकळणारी, पोह्यांवर ओतायची तर्री, आणि गठ्ठ्यातून नुकत्याच काढलेल्या रंगीत दुपट्ट्यांची खळ. खळीचा वास मला कुठेही कळतो, कारण मी विणकराच्या, म्हणजे कोष्ट्याच्या घरचा आहे.

मी मधुकर. उभी हयात बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात काढली, पण या भागात मला कुणी त्यासाठी ओळखत नाही. मला ओळखतात आवाजानं. ऑटोतून जो आवाज तुम्हाला मत मागत फिरतो, तो बऱ्याचदा माझा असतो. घराच्या माळ्यावर जुन्या गाद्या भिंतींना ठोकून मी एक खोली केली आहे. तिथं बसून मी सगळ्या रंगांच्या पक्षांसाठी बोललो आहे, कधी कधी एकाच दुपारी. पक्ष बदलला म्हणून लोक नेत्यांना नावं ठेवतात. मी चहा पिता पिता पक्ष बदलायचो आणि कुणी मला शब्दानं बोललं नाही.

हा नाद मला कशामुळे लागला, तेही सांगतो. मी शाळकरी असतानाची गोष्ट. आमच्या गल्लीत तेव्हा घरोघरी हातमाग होते, दिवसभर खटखट चालायची. एकदा प्रचाराची जीप आली आणि भोंग्यातून शब्द आले, “माझ्या विणकर बांधवांनो!” बाबांनी सूत फिरवायचा धोटा हातातच धरून ठेवला. ते मागाच्या खड्ड्यातून उठले आणि दारात येऊन उभे राहिले. समोरच्या घरातले उठले, शेजारचे उठले. सगळी गल्ली गप्प झाली. तोवर आम्हाला कुणी मोठ्यानं, रस्त्यात उभं राहून, आमच्या नावानं हाक मारलीच नव्हती. त्या हाकेत बाबांचा चेहरा कसा उजळला होता, ते मला अजून दिसतं. त्यामुळे जातीच्या नावानं मत मागणाऱ्यांना कुणी सरसकट हसायला लागलं की मी त्याला थांबवतो. ज्याला कुणी कधी हाकच मारली नाही, त्याला त्या हाकेची किंमत विचारा.

पुढे एकेक माग बंद पडला. कुणी किराणा टाकला, कुणी ऑटो घेतली, माझ्यासारखे कारखान्याच्या बसमध्ये चढले. गल्लीतली खटखट थांबली, पण भोंग्यातले विणकर बांधव काही थांबले नाहीत. माग कमी होत गेले तसतसे ते वाढतच गेले. आज गल्लीत धोटा कशाला म्हणतात हे न कळणारी पोरंसुद्धा दर निवडणुकीत विणकर बांधव होतात.

आमच्या गल्लीच्या शेवटी नाला आहे आणि नाल्यावर छोटी पुलिया. पुलियापलीकडे बौद्ध वस्ती. तिथल्या घराघरात छप्पनच्या दीक्षेची आठवण जपलेली आहे. कुणाची आजी, कुणाचे आजोबा त्या मैदानावर होते. त्याच्या पुढच्या वळणावर मशिदीचा मोहल्ला. तीन वस्त्यांच्या मधोमध एकच नाला वाहतो आणि पावसाळ्यात तो कुणाच्याही घरात शिरताना नाव-गाव विचारत नाही. प्रचाराची ऑटो मात्र पुलियावर थांबते. चालक खाली उतरतो, तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकतो, पेन ड्राइव्ह बदलतो आणि पुढे निघतो. अलीकडे राम राम, पलीकडे जय भीम, वळणानंतर सलाम. उमेदवार तोच, आवाज माझाच. पूर्वी कॅसेट बदलायचे, आता पेन ड्राइव्ह, एवढाच काय तो विकास.

या धंद्यात आमची आपली एक रीत आहे. आधी सलामी, मग जखम, मग चिन्ह. सलामीनं माणूस दारात येतो, जखमेनं थांबतो, आणि तो थांबला की त्याला चिन्ह सांगायचं. जखम प्रत्येक गल्लीची वेगळी लिहून येते. “मधुकरभाऊ, इथं थोडं दुखलं पाहिजे,” असं कार्यकर्ते मला बजावतात, आणि मी दुखवतो. मला ते छान जमतं. “आपल्या समाजावर” म्हणताना आवाज किंचित खाली आणायचा, “आजवर” पाशी श्वास घ्यायचा आणि “अन्याय” वर सोडायचा. ऐकणाऱ्या बाईच्या हातातली भाजी तिथंच राहते.

एकदा मात्र राजू ऑटोवाल्याला पुलियावर खर्रा घोटणारा जुना दोस्त भेटला. गप्पा रंगल्या आणि पेन ड्राइव्ह बदलायचा राहिला. आमच्या गल्लीची जखम घेऊन तो थेट पलीकडच्या वस्तीत शिरला. ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या बायकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यातली एक म्हातारी म्हणाली, “थांब गा राजू. हे त कोष्ट्याईले सांगून राहिला तू. मंग आमाले सकाळी जे सांगतलं, ते काय होतं? तेबी असंच होतं ना!” बायका पदर तोंडाला लावून हसल्या. राजूनं ऑटो मागं घेतली आणि मला येऊन सगळं सांगितलं. मीही पोट धरून हसलो. पण रात्री जेवताना तिचं बोलणं पुन्हा आठवलं. ती म्हातारी बरोबर होती. दोन गल्ल्यांना मी एकच रडगाणं दोन नावांनी विकत होतो, आणि गिऱ्हाइकाला ते कळलं होतं.

गेल्या हिवाळ्यातल्या महापालिकेच्या निवडणुकीची आठवण मला भोंगा पाहिला की येते, ती सुनंदामुळे. सुनंदा पुलियापलीकडची. तिचा बाप आणि मी बुटीबोरीला एकाच पाळीत. पहाटेच्या बसमध्ये मी चढलो की “राम राम” म्हणायचो, आणि तो खिडकीतून धुक्याकडं बघत “जय भीम” म्हणायचा. वर्षानुवर्षं. त्यानं कधी राम राम म्हटलं नाही, मी कधी जय भीम म्हटलं नाही, आणि दोघांनाही उत्तर मिळालं नाही असं एकदाही वाटलं नाही. तो गेला. सुनंदा मला काका म्हणते.

एका पावसात नाल्याचं पाणी दोन्ही बाजूंच्या घरांत कमरेपर्यंत चढलं, तेव्हापासून तिनं नाल्याच्या भिंतीचा ध्यास घेतला. महापालिकेत ती इतक्या चकरा मारायची की शिपाई तिला दुरून पाहूनच साहेब आत आहेत की नाहीत ते खुणेनं सांगायचा. भिंत सुरू झाली, आणि अर्ध्यावर थांबली. दर पावसाळ्यात उरलेल्या अर्ध्यातून पाणी यायचंच. निवडून आल्याशिवाय ही भिंत पुरी होणार नाही, असं सुनंदाला वाटलं आणि तिनं एका मोठ्या पक्षाकडं तिकीट मागितलं. जागा महिलांची होती, खुली. पक्षाच्या माणसानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाला, “ताई, तुमचं काम एक नंबर. पण जागा खुली आहे. तुमच्यासाठी राखीव असेल तेव्हा नक्की या.”

ती तडक आमच्या घरी आली. चिडलेली होती, पण रडत नव्हती. “काका, खुली म्हंजे कोणासाठी खुली, ते सांगा मले,” म्हणाली. “मी अपक्ष उभी राहून राहिली. तुमचा आवाज पायजे.”

मी हो म्हणालो. त्याच संध्याकाळी मोठ्या पक्षानं आमच्या समाजातल्या एका बाईंना तिकीट दिल्याची बातमी आली. बाई चांगल्या होत्या, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. नाला मात्र त्यांनी कधी जवळून पाहिला नव्हता.

माळ्यावरच्या खोलीत सुनंदा आणि मी बसलो. चिन्ह मिळालं होतं बादली. “बेस्ट झालं,” ती म्हणाली, “घरातलं पाणी उपसाले हेच लागते.” जखम एकच होती, नाला, ती वेगवेगळी लिहायची गरज नव्हती. अडलं ते सलामीपाशी. मी म्हणालो, या वेळी सगळ्या सलाम्या काढून टाकू. नुसतं “नागरिकहो” म्हणू. स्वच्छ, कुणाला बोट ठेवायला जागा नाही. मला माझ्या कल्पनेचा फार अभिमान वाटला होता.

सुनंदा म्हणाली, “काका, माझ्या आजीनं जय भीम म्हणायला सुरुवात केली तवा तिच्यापाशी मत मागाले कोणीच येत नव्हतं. ते मतासाठी नाई आहे. ते मी काहून काढू? अन् तुमचा राम रामबी तुमी काहून काढता? माझा बाप तुमाले सोडून कोणाचाबी राम राम ऐकून घेत नव्हता.”

मग आम्ही ते केलं, जे माझ्या एवढ्या वर्षांत कुणी केलं नव्हतं. एकच रेकॉर्डिंग. राम राम, जय भीम, सलाम आलेकुम. तिन्ही, एकामागं एक, मोठ्यानं, आणि तिन्ही वस्त्यांत. राजूला ताकीद दिली की पुलियावर थांबायचं नाही. खर्रा घरूनच खाऊन निघायचं.

संक्रांत तोंडावर होती. गच्च्यांवर पतंग उडवणारी पोरं “ओ काट” ओरडत होती, दारादारांत तीळ भाजल्याचा वास होता, संत्र्यांच्या साली उन्हात वाळत होत्या. त्या सगळ्यात माझा आवाज आमच्या गल्लीत शिरला आणि आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्याच दारासमोर जय भीम म्हणालो. दुपार होईतो नामदेवभाऊ आमच्याकडं हजर. नामदेवभाऊ म्हणजे आमच्या समाजाचे वडीलधारे; डोक्यावर पांढरी टोपी, हातात काठी. गणपतीच्या मांडवात माझ्या हातात पहिल्यांदा माइक दिला तो त्यांनीच.

“काहून गा मधू, काय ऐकून राहिलो मी?”

“माझाच आवाज आहे, नामदेवभाऊ. साफ आहे ना?”

“आवाज साफ आहे. डोकं साफ आहे का तुझं? आपल्या समाजाची बाई उभी आहे. तू आपला ना?”

“मी आपलाच. पण घरात पाणी शिरलं तवा तुमच्या सुनेले अन् नातवाले पलीकडं त्या सुनंदाच्याच घरी माडीवर झोपवलं होतं ना?”

“ते येगळं.”

“येगळं काय त्याच्यात?”

नामदेवभाऊ काठी टेकत निघून गेले. त्यांचं चुकतंय असं म्हणताना मला आनंद होत नव्हता. बाबांसारखाच त्यांचाही चेहरा त्या पहिल्या हाकेला उजळला होता, आणि आता कुणी ती हाक इतरांबरोबर वाटून घ्यायला सांगत होतं.

समाजाच्या सभागृहातल्या हळदीकुंकवाचं बोलावणं त्या वर्षी आमच्या घरी आलं नाही. उमेदवार बाईंच्या हस्ते वाण वाटलं जाणार होतं. विमल म्हणाली, “बरं झालं. दरसाली तेच प्लास्टिकचं डबडं देतेत, झाकण बसतच नाई त्याचं.” पण संध्याकाळी बायका नटूनथटून आमच्या दारावरून गेल्या तेव्हा ती आतल्या खोलीत जाऊन बसली होती. मला वाईट वाटलं आणि तिला तसं सांगितलंही. “तुमी तुमचं काम करा,” ती म्हणाली.

पलीकडच्या वस्तीतही सगळं गोड नव्हतं. राम राम ऐकून काही पोरांनी ऑटो अडवली. “ताई, हे आपल्या वस्तीत काहून?” सुनंदा घरातून पीठ भरल्या हातांनी बाहेर आली. “काहून म्हंजे? माझा बाप अन् मधूकाका रोज बसमध्ये भेटत. ते राम राम म्हणत, माझा बाप जय भीम म्हणे. दोघंबी बुटीबोरीले पोहोचत होते ना? सोडा ऑटो.” पोरांनी सोडली. मशिदीच्या वळणावर एका चाचांनी तेवढं म्हटलं, “तीनों सुन लिए भाई, अब नाले की बात सुनाओ.” मला त्यांचा हा हिशेबीपणा फार आवडला.

शेवटच्या दिवसांत मोठे पक्ष पूर्ण ताकदीनं उतरले. माझ्या जागी दुसरा आवाज आला, तरुण, भरदार; जखमेवर श्वास कुठं सोडायचा ते त्यालाही ठाऊक होतं. एका गल्लीत धर्म धोक्यात असल्याचं कळलं, दुसरीत हक्क धोक्यात होते, तिसरीत लोक स्वतःच धोक्यात होते. अर्धी भिंत तेवढी खरोखर धोक्यात होती आणि तिच्याविषयी फक्त आमची एक ऑटो बोलत होती. मला हे सगळं रागानं आठवत नाही. ते लोक मूर्ख नाहीत. कुठली तार छेडली की माणूस दारात येतो ते त्यांना पक्कं कळतं; मीच त्यांना कित्येक वर्षं वाजवून दाखवलं आहे. फक्त माणूस दारात आल्यावर त्याच्याशी काय बोलायचं, हे त्यांना सुचत नाही.

सुनंदा हरली.

आमच्या समाजाच्या बाई निवडून आल्या. गुलाल उधळला गेला, ढोल वाजले, आमच्या गल्लीत फटाके फुटले. संध्याकाळी सुनंदाचा मतमोजणीतला माणूस आला आणि त्यानं खोलीनिहाय मतं सांगितली. आमच्या गल्लीची मतं शाळेच्या एका वेगळ्या खोलीत पडतात. तिथं पलीकडचं एकही नाव नाही. त्या खोलीत सुनंदाला मतं होती. जिंकण्याइतकी नव्हती, पण एक माझं आणि एक विमलचं म्हणून सोडून देण्याइतकी थोडीही नव्हती. सुनंदानं त्याला पुन्हा विचारलं, पुन्हा ऐकलं, आणि पदरानं डोळे पुसले. त्या सगळ्या मोसमात ती तेवढीच एकदा रडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुलिया ओलांडून आमच्या गल्लीत आली. ना ढोल, ना दुपट्टा. हरलेला उमेदवार सहसा काही दिवस तोंड दाखवत नाही, पण ही आभार मानायला आली होती. अडचण एकच होती. मत कुणी दिलं, ते तिला ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून ती पहिल्या घरापासून सुरुवात करून एकेका दारात उभी राहायला लागली. “तुमी मत देल्लं, लई उपकार झाले.” पहिल्या घरातली बाई गोंधळली, मग म्हणाली, “बाई, तुझ्याशिवाय कोणाले देणार?” दुसऱ्या घरी तिला बसवलं. तिसऱ्या घरी तिळाचा लाडू हातावर आला. ज्यांनी कालच फटाके फोडले होते, तेही हात जोडून म्हणाले, “आमचं त तुलेच होतं.” मी तिच्यामागून चालत होतो. हसू आवरणं कठीण झालं होतं.

नामदेवभाऊ ओट्यावरच बसले होते. मी जरा मागं राहिलो. सुनंदा वाकली, तेच वाक्य म्हणाली. म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाला, “आमचं मत वाया गेलं वं बाई.”

खरं की खोटं, देव जाणे. मी त्यांना कधी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. त्यांनी लगेच काठीनं नाल्याकडं बोट केलं. “थे भिंत कवा पुरी करतं मंग? पाऊस काई थांबत नाई कोणासाठी.”

“मी त हरली ना काका. ज्या निवडून आल्या त्याईले सांगा.”

“त्याईले काय मालूम? तू सांग.”

“सोमवारी जाऊन राहिली मी महापालिकेत. येता सोबत?”

उत्तराची वाट न पाहता ती पुढच्या घरी गेली, त्याच्या पुढच्या घरी गेली, गल्ली संपेपर्यंत गेली. आमच्या गल्लीत आज कुणालाही विचारा, तिला मत दिलं नव्हतं असं सांगणारं एकही घर तुम्हाला सापडणार नाही. जे एकदा तोंडानं कबूल केलं, ते पुढच्या वेळी बोटानं करायला माणसाला फारसं जड जात नाही, असा माझा अनुभव आहे.

आणि सोमवारी सकाळी सुनंदा पुलियावर आली, तेव्हा इस्त्रीची टोपी घालून, काठी टेकून नामदेवभाऊ तिथं आधीच उभे होते. तिला पाहून म्हणाले, “किती उशीर करतं वं? जय भीम.”